विश्वासानं तारण होतं, मग चांगलं वागायचं कशाला?

गुजरातच्या २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याची किंवा त्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीची बातमी आली, की बडोद्याच्या मराठी घरांत दोन तऱ्हेची चर्चा सुरू होते. पहिली कायद्याची: जबरदस्ती झाली का, आमिष दाखवलं का, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेतली होती का. दुसरी चहा गार व्हायला लागल्यावर निघते आणि जास्त खोल जाते. दांडिया बाजारातल्या कुणा काकांचा प्रश्न साधारण असा असतो: "त्यांचं बरं आहे. येशूवर विश्वास ठेवला की तारण. मग माणूस नीट वागेलच कशाला? आपल्याकडे निदान केलेलं कर्म भोगावं तरी लागतं."

काकांचा प्रश्न रास्त आहे. ख्रिस्ती धर्म जेमतेम पंचवीस-तीस वर्षांचा असतानाच तो विचारला गेला होता. रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल तो स्वतःच मांडतो: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करतच राहावं का? आणि लगेच, मुळीच नाही, असं ठणकावतो. हे 'मुळीच नाही' कुठून येतं, तेवढंच या लेखात पाहायचं आहे. कायद्याची बाजू वकिलांकडे राहू दे.

आधी चार शब्द

पाप, तारण, कृपा आणि विश्वास हे शब्द आपण रोज वापरतो. ख्रिस्ती बोलण्यात मात्र त्यांचे अर्थ जरा वेगळे आहेत.

पाप म्हणजे वाईट कृत्यांची यादी एवढंच नाही. देवापासून तुटून स्वतःभोवतीच फिरणारं मन, हे मूळ पाप. चोरी, खोटेपणा, हेवा हे सगळं त्यातून उगवतं. तारण म्हणजे त्या अवस्थेतून देवानं केलेली सुटका. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ती येशूच्या वधस्तंभावरच्या मरणानं आणि पुनरुत्थानानं झाली. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेली देवाची माया. आणि विश्वास म्हणजे त्या मायेवर भार टाकून येशूच्या मागे चालू लागणं. 'देव आहे' एवढं नुसतं मान्य करणं याला विश्वास म्हणत नाहीत. तेवढं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असा टोमणा बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातच आहे.

यातली खरी बोचणारी गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. दरोडेखोर आणि रोज पहाटे उठून देवपूजा करणारा सज्जन, दोघंही एकाच रांगेत उभे केले जातात. दोघांनाही कृपेचीच गरज. येशूच्या एका दृष्टांतात धर्मनिष्ठ परूशी मंदिरात उभा राहून आपले उपास आणि दानधर्म देवाला ऐकवतो. बदनाम जकातदार मागे उभा राहून, मज पाप्यावर दया कर, एवढंच म्हणतो. घरी जाताना देवापुढे नीतिमान ठरतो तो दुसरा. वागणुकीवरचा पहिला परिणाम इथेच दिसायला हवा: आपल्या चांगुलपणाच्या जोरावर दुसऱ्याला खाली बघायची सोय उरत नाही. प्रत्यक्षात ती सोय चर्चमधल्या माणसांनीही भरपूर वापरली आहे, ते पुढे येईलच.

गोपाळरावाचं दत्तकविधान

पुढचा भाग समजायला बडोदेकरांना गाव सोडावं लागत नाही. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंना मुलगा दत्तक घ्यायची परवानगी दिली. नाशिककडच्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरचा बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक गेला आणि त्या दिवसापासून सयाजीराव गायकवाड झाला. राज्य चालवणं दूरच, त्याला धड लिहिता-वाचताही येत नव्हतं. मग इलियट साहेबांची शिकवणी सुरू झाली. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा भाषा आल्या, घोड्यावर बसणं आलं, दिवाण सर टी. माधवरावांची राज्यकारभारावरची व्याख्यानं आली. प्रत्यक्ष अधिकार हातात मिळाले ते २८ डिसेंबर १८८१ ला, म्हणजे साडेसहा वर्षांनी.

आता बघा. मुलगा गायकवाड झाला पहिल्याच दिवशी. गायकवाडासारखा वागू लागायला मात्र वर्षं लागली. शिकला म्हणून त्याला दत्तक घेतलं नव्हतं, दत्तक गेला म्हणून शिकणं आलं. एखाद्या दिवशी पाठ चुकला तर दत्तकविधान रद्द होत नव्हतं. पण 'आता मी राजा झालोच आहे, मग अभ्यास कशाला' असं म्हणून तो लोळत राहिला असता, तर आपल्या बाबतीत काय घडलंय हे या पोराला कळलंच नाही, असं आपण म्हटलं असतं.

पौलाचं उत्तर नेमकं हेच आहे. रोमकरांना आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रांत तो दत्तकपणाचाच दाखला देतो. त्याच्या वाचकांना तो लगेच कळायचा, कारण सम्राट ऑगस्टस स्वतः ज्युलियस सीझरचा दत्तक मुलगा होता. दत्तकविधानाच्या दिवसाला धर्मशास्त्रात 'नीतिमान ठरवणं' म्हणतात आणि पुढच्या शिकण्याच्या वर्षांना 'पवित्रीकरण'. हे दोन वेगळे ठेवले की अर्धा गोंधळ मिटतो. पहिलं संपूर्ण देवाचं काम. दुसरंही त्याच्याच बळावर चालतं, पण तिथे माणसाला अभ्यासाला बसावं लागतं.

जाता जाता एक गंमत. दत्तक निवडीसाठी आणलेल्या मुलांना 'इथे कशाला आलात' असं विचारलं, तेव्हा गोपाळराव म्हणाला, 'मी राज्य करायला आलोय', आणि म्हणून त्याची निवड झाली, ही गोष्ट बडोद्यात लहानपणापासून ऐकवली जाते. खरी असेल, नसेल. पण ती आपल्याला इतकी आवडते ती का? मला वाटतं, एवढं मोठं देणं कुणाला नुसतं मिळालं हे आपल्याला पचत नाही. त्यानं काहीतरी हुशारी दाखवून ते कमावलं असणार, असं आपण मागाहून बसवून घेतो. कृपेच्या कल्पनेला होणारा विरोध बराचसा याच जागेवरून येतो, आणि तो ख्रिस्ती माणसाच्या मनातूनही येतो.

आधी भेट, मग परतफेड

हा क्रम बायबलमध्ये जागोजागी दिसतो. दहा आज्ञा घ्या. खून करू नको, चोरी करू नको, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण त्या यादीच्या आधी एक वाक्य आहे: तुला मिसरच्या (म्हणजे इजिप्तच्या) गुलामगिरीतून बाहेर काढणारा देव मी आहे. म्हणजे सुटका आधी झाली आणि नियम नंतर आले. नियम पाळून गुलामगिरीतून सुटायचं, असा तो सौदा नव्हता.

याहून चांगली गोष्ट जक्कयाची. तो यरीहोचा मुख्य जकातदार, रोमनांसाठी वसुली करून गबर झालेला. गर्दीत येशू दिसेना, म्हणून हा बुटका श्रीमंत माणूस उंबराच्या झाडावर चढला. येशूनं वर बघून त्याला हाक मारली आणि सांगितलं, आज मी तुझ्या घरी उतरणार. लोक कुरकुरले, कारण अशा माणसाच्या घरी कुणी भला माणूस जात नसे. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो.

क्रम लक्षात घ्या. 'आधी पैसे परत कर, मग येतो' असं येशू म्हणाला नाही. पण भेट झाल्यावर पैसे घरातच राहिले, असंही झालं नाही. बदल झाला तोही मोघम नाही, आकड्यांत सांगता येईल असा. पौलही इफिसकरांना लिहिताना चोराला नुसतं 'चोरी सोड' सांगून थांबत नाही. आपल्या हातांनी काम कर, म्हणजे गरजूला द्यायला तुझ्याजवळ काही असेल, असं म्हणतो. चोराचा दाता व्हावा, एवढी मोठी ही अपेक्षा आहे.

मग धाक कसला उरला?

काकांचा खरा आक्षेप इथे आहे. शिक्षेची भीती काढून घेतली तर माणूस बेलगाम होईल.

होतोही. हे ख्रिस्ती विचारवंतांनीच सगळ्यात कडक शब्दांत सांगितलंय. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली 'स्वस्त कृपे'वर हल्ला चढवला. पश्चात्ताप नको, शिस्त नको, येशूच्या मागे जाणं नको, फक्त क्षमा हवी, असं चर्च कृपेची जणू खिरापत वाटतं, असा त्यांचा आरोप होता. हिटलरपुढे मान तुकवणारं चर्च त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्यांना फाशी दिलं.

पण भीतीनं वागणं सुधारतं, हेही तितकंसं खरं नाही. भीतीनं माणूस पकडला न जाण्याची काळजी घेतो. हिशोबावर जगणारा माणूस आपली चूक कबूल करायला कचरतो, कारण कबूल केली की खात्यावर चढते. कृपेचा दावा असा, की तुझी जागा ठरलेली आहे, आता खरं बोलायला तुला काय हरकत आहे? ज्या घरात मार खायची भीती नसते, त्या घरातलं पोर फुटलेल्या बरणीबद्दल लवकर खरं सांगतं, हे आपण बघितलेलं असतं.

शिवाय ख्रिस्ती शिकवणुकीत केवळ कृतज्ञतेवर भिस्त नाही. दत्तक मुलाला नाव मिळतं, रक्त मिळत नाही. इथे मात्र देवाचा पवित्र आत्मा माणसाच्या आत राहून त्याला बदलतो, असं मानतात. त्या बदलाची खूण म्हणून पौल गलतीकरांना नऊ गोष्टी सांगतो: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. त्यांना तो 'फळ' म्हणतो. यात चमत्कार नाही, वक्तृत्व नाही, गर्दी जमवणं नाही. घरच्या माणसांना रोज तपासता येईल असंच सगळं आहे, आणि म्हणून ते अवघडही आहे.

पौल एक म्हणतो, याकोब दुसरंच

बायबल उघडून बसणाऱ्याला एक विसंगती सापडतेच. पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्रातल्या, म्हणजे ज्यू धर्मनियमांतल्या, कृत्यांवाचून विश्वासानं नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो, कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. भावाला अंगावर घालायला नाही, पोटाला नाही, आणि तुम्ही त्याला 'सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा' म्हणून वाटेला लावलंत, तर काय उपयोग, असं तो विचारतो.

प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला याकोबाचं पत्र इतकं खटकलं, की १५२२ मध्ये त्यानं त्याला गवताच्या काडीच्या किमतीचं ठरवलं. त्याच्या आधी पाच वर्षं, १५१७ मध्ये, पापाची सजा कमी करून देणाऱ्या चिठ्ठ्या पैसे घेऊन विकण्याविरुद्ध त्यानं आवाज उठवला होता. तारण विकत मिळत नाही, हा त्याचा मुद्दा. त्यामुळे 'कृती' म्हटलं की त्याला बाजार दिसे. पण खरा विश्वास स्वस्थ बसूच शकत नाही, काही चांगलं करायचं का, हे तो विचारत नाही, विचारायच्या आत करून मोकळा होतो, असंही ल्यूथरनंच लिहिलंय. म्हणजे फिरून गाडी याकोबाच्या दारात येते.

कॅथलिक चर्चनं त्रेंतच्या धर्मपरिषदेत १५४७ मध्ये उत्तर दिलं: सुरुवात कृपेनंच होते, पण कृपा माणसाला आतून खरोखर नीतिमान करते आणि त्यात माणसाचा सहभाग असतो. प्रोटेस्टंट म्हणत राहिले, देव आधी नीतिमान जाहीर करतो, बदल मागून येतो. या वादापायी युरोपात रक्त सांडलं. त्यावर समझोत्याची सही झाली ती ३१ ऑक्टोबर १९९९ ला, जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये, लुथरन महासंघ आणि कॅथलिक चर्च यांच्यात. तारण केवळ कृपेनं, आणि ती कृपा माणसाला सत्कर्मांसाठी तयार करते, असं दोघांनी मिळून मान्य केलं. जगभरचे मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांचाच एक पंथ, २००६ मध्ये त्यात सामील झाले. आपल्या फतेहगंज भागात मेथडिस्टही आहेत, आणि बडोद्याचा वेगळा कॅथलिक धर्मप्रांत १९६६ पासून आहे. निदान या एका प्रश्नावर त्यांच्या वरिष्ठांच्या सह्या एकाच कागदाखाली आहेत. बारकावे अजून उरलेत, पण ते सोडू.

फादरला सांगितलं की पाप धुतलं?

सिनेमानं हा समज घट्ट केलाय: जाळीमागे बसलेला फादर, समोर गुडघ्यावर टेकलेला खलनायक, दोन मिनिटांत सगळं माफ. कॅथलिक पापनिवेदनात पश्चात्ताप लागतो, पुन्हा तसं न करण्याचा निश्चय लागतो आणि भरपाई लागते. चोरी केली असेल तर चोरलेलं परत द्यावं लागतं, कुणाची बदनामी केली असेल तर तिचं नुकसान भरून काढण्याचा प्रयत्न करावा लागतो. हे करायची इच्छाच नसेल तर फादरनं उच्चारलेली क्षमा लागू होत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत धर्मगुरूकडे असं निवेदन करण्याची सक्ती नाही, पण पश्चात्तापाची अट तीच.

आणि क्षमा मिळाली म्हणून कोर्ट सुटत नाही. देवानं माफ केलं तरी कलम लागायचं ते लागतं.

वागणं खरंच बदलतं का?

सिद्धान्त ठीक. प्रत्यक्षात काय?

एक प्रयोग सांगतो, तो धार्मिक माणसांना जरा लाजवणारा आहे. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या विद्यार्थ्यांवर केलेला हा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतावर भाषण द्यायला सांगितलं. रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची ती गोष्ट. भाषणाच्या जागी जाताना वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना 'उशीर झालाय' म्हणून पिटाळलं होतं, त्यांतले फक्त १० टक्के. दृष्टांत डोक्यात ताजा असण्यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे शिकवण माहीत असणं आणि ती पायांत उतरणं यात अंतर आहे. पवित्रीकरणाला आयुष्यभराचा वेळ लागतो असं ख्रिस्ती लोक म्हणतात, ते उगीच नाही.

ते अंतर किती लांब असू शकतं, हे जॉन न्यूटनकडे पाहून कळतं. कृपेवरचं जगभर गायलं जाणारं इंग्रजी भजन त्याचं. १७४८ मध्ये वादळात त्याचं परिवर्तन झालं. त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांच्या जहाजांवर कप्तानकी करत राहिला. या व्यापाराविरुद्ध जाहीर पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये, चाळीस वर्षांनी. जी गोष्ट अख्ख्या समाजाला पाप वाटत नाही, ती परिवर्तन झालेल्यालाही लगेच पाप वाटत नाही. भारतातल्या चर्चमध्ये जातीचं हेच झालं. बाप्तिस्मा एका पाण्यात, पण बसायच्या जागा आणि पुरायच्या जागा वेगळ्या, हे इथे अनेक ठिकाणी घडलंय. याला धर्मशास्त्राचा आधार नाही म्हणून भागत नाही. लोक फळ बघतात, येशूनंच बघायला सांगितलंय.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्या मराठी घरातली. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा संस्कृतच्या विदुषी म्हणून नाव झालेलं होतं. तिथे त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमची एक संस्था दाखवली. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांची सेवा तिथल्या ख्रिस्ती जोगिणी (नन) करत होत्या. अशा बायकांना कुणी मायेनं जवळ घेतं, हे रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इथे वागणं आधी दिसलं आणि त्याचं मूळ मागून शोधलं गेलं. तारणाचा खरा अनुभव आपल्याला त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं आणि फुलहॅमसारख्याच बायकांसाठी तिथे कृपासदन निघालं. १९०० च्या दुष्काळात, ज्याला इथले जुने लोक अजून 'छप्पनियो' म्हणतात, गुजरातमधल्या अनाथ मुलीही रमाबाईंनी केडगावला नेल्या. रमाबाईंवर टीका कमी झाली नाही. मुलींना ख्रिस्ती करतात हा आरोप होता, आणि त्या स्वतः आपली श्रद्धा लपवत नव्हत्या. तो वाद खराच आहे. पण दुष्काळात मुली उचलून आणायला दुसरं कोण किती पुढे आलं, हा प्रश्नही त्याच वादाचा भाग धरला पाहिजे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण अधिक घरगुती. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी. टिळक हाताला येईल ते देऊन टाकणारे, हे खरं, पण त्यांचा तापट स्वभाव बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळला नाही. लक्ष्मीबाईंनी तो हसत हसत लिहूनच ठेवलाय. लक्ष्मीबाईंची शिवाशिवही एका दिवसात गेली नाही. नवऱ्याबरोबर पुन्हा राहायला लागल्यावरही त्यांनी सोवळं काही काळ सांभाळलं, मग मनाशी वाद घालत, रडत, विचार करत ते सोडलं. मला या दोघांचं हे हळू बदलणं एकदम झालेल्या कायापालटाच्या साक्षींपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतं.

क्षमा: सगळ्यात महाग फळ

येशूच्या एका दृष्टांतात राजा एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं, फेडणं अशक्य. बाहेर पडल्यावर तोच चाकर शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबतच्या चाकराची नरडी धरतो. राजा त्याला परत बोलावतो आणि शिक्षा देतो. ज्याला क्षमा मिळाली त्यानं क्षमा करावी, हा ख्रिस्ती वागणुकीचा गाभा, आणि तिथेच बहुतेकांचे पाय लटपटतात.

शेजारच्या मध्य प्रदेशात हे एकदा फार मोठी किंमत देऊन झालं. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात भूमिहीन मजुरांमध्ये काम करत. सावकारी कर्जातून सुटायला त्या लोकांना मदत करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला निघालेल्या बसमधून जाताना त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची सख्खी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. घरच्यांनी क्षमा केली. तो २००६ मध्ये सुटला, आणि नंतर केरळला जाऊन त्यांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं.

इथे दोन गोष्टी मिसळू नयेत. त्या माणसानं अकरा वर्षं तुरुंगात काढलीच. क्षमेनं न्यायालयाचं काम रद्द केलं नाही. आणि पीडितानं क्षमा केलीच पाहिजे, असं तिसऱ्यानं सांगणं हा वेगळ्याच प्रकारचा अत्याचार आहे. चर्चमध्ये तो होतो, विशेषतः नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांच्या बाबतीत. ज्याचं कर्ज आहे त्यालाच ते सोडता येतं. सेल्मी पॉल यांना कुणी राखी बांधायला लावली असती, तर त्या राखीला काही अर्थ उरला नसता.

मग आम्ही काय वाईट?

शेवटचा आक्षेप, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. विश्वासातूनच चांगलं वागणं येत असेल, तर आपल्या आजीनं आयुष्यभर दारावरून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, ते कुठून आलं?

पौलाला हा प्रश्न माहीत होता. ज्यांच्याकडे मोशेचं नियमशास्त्र नाही तेही स्वभावतः त्यातलं पाळतात, कारण ते त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेलं आहे, असं तो रोमकरांना लिहितो. म्हणजे चांगुलपणावर ख्रिस्ती माणसाची मक्तेदारी नाही. ख्रिस्ती दावा आजीच्या भाकरीबद्दल नसून तारणाबद्दल आहे, आणि तिथे वेगवेगळ्या चर्चमध्ये मतभेद आहेत. स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सद्सद्विवेकानुसार जगायचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं कॅथलिक चर्चनं १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेत म्हटलं. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांना हे मान्य नाही. येशूवरच्या स्पष्ट विश्वासाशिवाय मार्ग नाही, असं त्या सांगतात, आणि घरोघर जाऊन सांगण्याची त्यांची निकड तिथूनच येते.

देव उचलतो की माणूस धरतो, हा वाद आपल्यालाही परका नाही. रामानुजांच्या परंपरेतले दोन पंथ शतकानुशतकं हेच भांडत आलेत. एकाचं म्हणणं, भक्त मांजरीच्या पिलासारखा, आई तोंडात धरून नेईल. दुसऱ्याचं, माकडाच्या पिलासारखा, त्यानं निदान घट्ट बिलगायला हवं. आणि रेव्हरंड टिळक तर म्हणत, की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापर्यंत आलो. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' नावाचा एक बंधुसंघ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले येऊ शकत होते आणि बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताच्या मागे चालू पाहणारेही. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक वारले. बाप्तिस्मा न घेतलेला माणूस त्या दरबारात नक्की कुठल्या नात्यानं बसतो, दत्तक म्हणून की पाहुणा म्हणून, यावर आजही फतेहगंजच्या दोन चर्चमध्ये दोन उत्तरं मिळतील.